ब्रँडचं नाव डोमेनमध्ये टाकून टोनर विकतो, नोटीस येण्याआधी काय करावं? (नागपूर)

बर्डी_प्रिंट
नमस्कार मंडळी. सीताबर्डीत प्रिंटर, टोनर आणि स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. वेबसाइट एका मोठ्या प्रिंटर कंपनीच्या नावावर चालते. खरं नाव इथे लिहीत नाही, 'अबक' म्हणू. डोमेन आहे अबकटोनरनागपूर डॉट कॉम. तेच डॉट इनमध्येही घेतलंय, शिवाय अबकसर्व्हिसनागपूर आणि अबकविदर्भ ही दोन घेऊन ठेवली आहेत. ही तिन्ही रिकामीच आहेत. ओरिजिनल माल डिस्ट्रिब्यूटरकडून जीएसटी बिलावर येतो. त्याच साइटवर कम्पॅटिबल (दुसऱ्या कंपन्यांचे, पण अबकच्या मशीनला चालणारे) आणि रिफिल केलेले टोनरही विकतो. अधिकृत डीलरशिप नाही, पण कंपनीच्या एरिया सेल्स मॅनेजरने व्हॉट्सॲपवर 'चालेल, विका' असं लिहून दिलंय. फूटरमध्ये 'सर्व ट्रेडमार्क आपापल्या मालकांचे' ही ओळ आहे.

माल खरा असेल तर नाव वापरायला हरकत का असावी? नोटीस आली तर नुसतं डोमेन जातं की पैसेही भरावे लागतात? आणि नाव बदलायचंच झालं तर गूगलवरची जागा कशी टिकवायची?

खामला_डोमेन
भाऊ, एवढं घाबरायचं काम नाही. डॉट कॉमचे वाद कोर्टाबाहेर सोडवणाऱ्या पॅनेलपुढे ओकी डेटा या प्रिंटर कंपनीच्या तक्रारीवरचा २००१ चा निर्णय नेहमी पुढे केला जातो. ओकीडेटापार्ट्स डॉट कॉम हे डोमेन एका विक्रेत्याकडेच राहिलं होतं. खरा माल विकणाऱ्याला ब्रँडचं नाव डोमेनमध्ये ठेवता येतं असं त्यात मान्य झालंय. तुमचं डोमेनही जवळपास तसंच आहे.

धंतोली_आयपी
खामला दादा, निर्णय बरोबर सांगितला, पण त्याच्या अटी राहिल्या. अटी चार आहेत आणि चारही एकाच वेळी पाळाव्या लागतात. साइटवर तो माल प्रत्यक्ष विकला जात असावा. साइटवर फक्त त्याच ब्रँडचा माल असावा. ब्रँडशी आपलं नातं काय, हे साइटवर खरंखरं सांगितलेलं असावं. आणि त्या नावाची सगळी डोमेनं आपणच अडवून ठेवलेली नसावीत. तो विक्रेता तर अधिकृत होता. बर्डी_प्रिंट यांची पहिली अट पुरी होते, दुसरी कम्पॅटिबल टोनरमुळे मोडते, तिसरी फूटरमधल्या मोघम ओळीने भागत नाही आणि चौथीत ती रिकामी डोमेनं आडवी येतात.

सगळ्यात नडणारी आहे ती दुसरी अट. ग्राहक अबकच्या नावावर साइटवर आला आणि त्याच्या हाती भलत्याच कंपनीचा टोनर दिला, तर त्या नावाची ओढ वापरून दुसरा माल खपवला असं चित्र उभं राहतं. याला उत्तर देणं फार अवघड जातं.

आता आपला कायदा. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम ३० मध्ये विक्रेत्याला चांगलं संरक्षण आहे. कायदेशीरपणे विकत घेतलेला माल पुढे विकता येतो. सुटा भाग किंवा जोडवस्तू कोणत्या मशीनला बसते हे सांगण्यासाठी गरजेपुरतं नावही घेता येतं, फक्त माल कुणाचा याबद्दल फसगत होता कामा नये. म्हणजे पानावर 'अबकच्या अमुक मॉडेलला चालणारा टोनर' लिहिणं ठीक. पण मालाची अवस्था बदलली किंवा बिघडली तर ब्रँडला विक्रीवर हरकत घेता येते, म्हणून रिफिल केलेला टोनर ओरिजिनलच्या खोक्यात, ओरिजिनलच्या लेबलवर कधीच विकू नका. आणि कलम २९(५) नीट वाचा. दुसऱ्याचा नोंदलेला मार्क त्याच प्रकारच्या मालासाठी आपल्या धंद्याच्या नावात, किंवा नावाचा भाग म्हणून, वापरणं हे थेट उल्लंघन आहे. दुकानाच्या पाटीवर किंवा बिलावर 'अबक पॉइंट' असेल तर ते डोमेनच्याही आधी उतरवा.

डोमेन म्हणजे नुसता पत्ता, हा बचाव चालत नाही. सत्यम इन्फोवे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण दिलंय. आणि फूटर कितीही मोठा केला तरी तो दिसतो साइट उघडल्यावर. डोमेन मात्र सर्चमध्ये आधीच दिसतं, गैरसमज तिथेच होऊन जातो.

डॉट इनला धोका जास्त. डॉट कॉमच्या वादात डोमेन वाईट हेतूने घेतलं आणि वाईट हेतूने वापरलं, अशा दोन्ही गोष्टी ब्रँडला दाखवाव्या लागतात. डॉट इनच्या धोरणात दोन्हींपैकी एक पुरते. डॉट कॉम आणि डॉट इनचे वाद कोर्टाबाहेर सोडवणारी ही दोन्ही व्यासपीठं डोमेन रद्द करतात किंवा ब्रँडच्या नावावर करून देतात. डॉट कॉममध्ये भरपाई मिळत नाही, डॉट इनमध्ये लवाद खर्च बसवू शकतो. मोठे पैसे कोर्टातच निघतात: मनाई हुकूम आणि त्याबरोबर नुकसानभरपाई किंवा नफ्याचा हिशेब.

व्हॉट्सॲपवरच्या 'चालेल'चा फारसा आधार धरू नका. सेल्सवाल्याला ट्रेडमार्कचा परवाना देण्याचा अधिकार सहसा नसतो. परवानगी कंपनीच्या अधिकृत सहीची हवी, तिच्यात डोमेनचं नेमकं स्पेलिंग हवं, मुदत हवी आणि डीलरशिप संपल्यावर डोमेनचं काय हेही हवं. अधिकृत डीलर झालात तरी करार वाचा, डोमेनमध्ये नाव वापरायला मनाई करणारी अट त्यात असू शकते.

खामला_डोमेन
फक्त त्याच ब्रँडचा माल असावा ही अट माझ्या ध्यानात नव्हती. मग कम्पॅटिबल असताना हे डोमेन टिकत नाही, मान्य. पण नोटीस आलीच तर ब्रँडला 'डोमेन विकत घ्या' म्हणून पाहायला काय हरकत आहे?

धंतोली_आयपी
हे तर मुळीच करू नका. आपल्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त रक्कम मागणं हा वाईट हेतूचा पुरावा म्हणून धोरणातच लिहिलेला आहे. ते ईमेल तक्रारीला जोडलं जातं. नोटीस आल्यावर डोमेन भावाच्या नावावर करणं किंवा दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे) हलवणं, तेही तसंच अंगावर येतं. डॉट कॉमची औपचारिक तक्रार दाखल झाली की डोमेन लॉक होतं आणि उत्तराला २० दिवस मिळतात. गप्प बसलात तर समोरच्याच्या कागदांवर निकाल लागतो. निकाल विरोधात गेला तर रजिस्ट्रार कामाचे १० दिवस थांबतो. तेवढ्यात तुम्ही कोर्टात गेला नाहीत तर डोमेन गेलं.

सर्व्हर_सदर
कायद्याचं वर आलंच आहे, मी हलवण्याबद्दल सांगतो.

सगळ्यात आधी ईमेल. डोमेन ब्रँडच्या हातात गेलं की त्यावरच्या मेलची वाटही त्यांच्याच हातात जाते. जीएसटी पोर्टल, बँक, होस्टिंग आणि खुद्द रजिस्ट्रार यांच्याकडे संपर्क म्हणून सेल्स ॲट अबकटोनरनागपूर दिलेलं असेल तर पासवर्ड रीसेटची लिंक त्याच मेलवर जाईल आणि तुम्ही बाहेर अडकाल. म्हणून जिथे जिथे हा पत्ता दिलाय त्याची यादी करा, एकेक बदला, प्रत्येक ठिकाणी लॉगिन करून खात्री करा. जुने मेल डाउनलोड करून ठेवा.

मग नवीन डोमेनवर तीच साइट चढवा. रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेणं) ३०१ प्रकारचा, म्हणजे कायमचा, आणि पानाला पान असा हवा. जुनी सगळी पानं नव्या होमपेजवर ढकलली तर गूगल आतल्या पानांची ओळख धरत नाही आणि मॉडेल नंबरच्या सर्चमधून येणारं गिऱ्हाईक जातं. नंतर सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठी गूगलचं साधन) पत्ता बदलल्याची नोंद करा. गूगल बिझनेस प्रोफाइलवर दुकानाचं पाटीवर आहे तेच नाव ठेवा, लिंक बदला.

एक अडचण आधीच सांगतो. रिडायरेक्ट निदान वर्षभर ठेवावा असं गूगल सांगतं, पण ब्रँडच्या नावाचं डोमेन तुमच्या दुकानाकडे वळत राहणं हाही वापरच आहे. म्हणून हे काम नोटीस यायच्या आधी करा. नोटीस आल्यावर वर्षभराची सवड मिळेल असं धरू नका, वकील सांगेल त्या दिवशी रिडायरेक्ट काढायची तयारी ठेवा. रिकामी डोमेनं आजच तपासा. रजिस्ट्रारचं पार्किंग पान सुरू असेल तर तिथे दुसऱ्या टोनर कंपन्यांच्या जाहिराती दिसतात, आणि त्याचं खापर तुमच्यावर फुटतं. पार्किंग आणि ऑटो रिन्यूअल दोन्ही बंद करा.

नाव डोमेनमध्येच हवं हा हट्टही सोडा. शब्द जुळतात एवढ्याच जोरावर वर आलेल्या हलक्या साइट्स गूगलने २०१२ च्या बदलात खाली आणल्या. ब्रँडचं नाव पानाच्या शीर्षकात आणि डोमेननंतरच्या पत्त्यात येऊ द्या, तिथून सर्च चांगला येतो.

बर्डी_प्रिंट
खूप आभार, आज ईमेलपासून सुरुवात करतो. दोन गोष्टी राहिल्या: नवीन नाव घेताना काय तपासू, आणि साइटवर नेमकं काय लिहू? गूगल जाहिरातीत अबक हा कीवर्ड लावला, म्हणजे अबक शोधणाऱ्याला माझी जाहिरात दिसेल असं केलं, तर?

धंतोली_आयपी
नाव घेण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सार्वजनिक शोधात वर्ग २ (भरलेले टोनर कार्ट्रिज), ९ (प्रिंटर), ३५ (विक्री) आणि ३७ (दुरुस्ती) हे चारही पाहा. उच्चार सारखा असलेली नावंही शोधा, नुसतं स्पेलिंग वेगळं असून भागत नाही. नाव मोकळं असेल तर वर्ग ३५ मध्ये स्वतःच्या नावाने अर्ज करा. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी दर वर्गाला ४,५०० रुपये. नागपूर मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येतं, पण अर्ज ऑनलाइन असल्याने जायची गरज नाही.

साइटवर, वरच्या पट्टीत, फोन नंबरच्या शेजारी: 'आम्ही स्वतंत्र विक्रेते आहोत. अबक कंपनीचे अधिकृत डीलर किंवा सर्व्हिस सेंटर नाही.' ओरिजिनल, कम्पॅटिबल आणि रिफिल यांची पानं वेगळी ठेवा. कम्पॅटिबलच्या पानावर बनवणाऱ्या कंपनीचं नाव आधी आणि मोठं, 'अबकच्या अमुक मॉडेलसाठी' हे त्याखाली साध्या अक्षरात. वॉरंटी कोण देणार हे प्रत्येक वस्तूखाली लिहा. सॅमसंगच्या प्रिंटरवरून झालेल्या २०१२ च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालात समांतर आयात केलेला (कंपनीच्या अधिकृत वाटेबाहेरून आणलेला) खरा माल विकू दिला, पण माल आयात केलेला आहे आणि वॉरंटी कंपनीची नाही, हे ठळक लिहायला लावलं. लोगो कुठेही नको. नाव साध्या अक्षरात लिहिलं की काम होतं, त्यामुळे लोगोची गरज दाखवता येत नाही.

कीवर्डबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटलंय की तो ट्रेडमार्कचा वापर ठरतो, पण गैरसमज होत नसेल तर तेवढ्याने उल्लंघन होत नाही. म्हणून जाहिरातीच्या मजकुरात 'अबक सर्व्हिस सेंटर' नको. 'प्रिंटर दुरुस्ती, सीताबर्डी' एवढं लिहा, त्यापुढे तुमच्या दुकानाचं नाव. आणि डिस्ट्रिब्यूटरची बिलं मॉडेल नंबरनुसार लावून ठेवा, माल खरा होता हे दाखवायची वेळ आली तर सगळ्यात आधी तीच मागतात.