मदत हवी आहे: बायकोच्या ऑडिटच्या दौऱ्यावर लेकीला घेऊन रत्नागिरीला जायचं आहे

नमस्कार मंडळी,

बायको बँकेच्या इन्स्पेक्शन विभागात आहे. महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस ती कुठल्या ना कुठल्या शाखेवर असते. डिसेंबरात तिला रत्नागिरीची एक शाखा आली आहे, आठवडाभराचं काम. आम्ही कोल्हापूरचे. लेक साडेचार वर्षांची, तिने समुद्र अजून पाहिलेला नाही. आईने बॅग काढली की ही जाऊन त्या बॅगेतच बसते आणि उठायचं नाव घेत नाही. या खेपेला मी म्हटलं, तिघंही जाऊ. मी घरूनच काम करतो, तेवढे दिवस सुट्टी टाकेन आणि दिवसभर लेकीला सांभाळेन.

बायकोलाही हवंय, पण तिच्या मनात दोन शंका आहेत. दोन्ही मला रास्त वाटतात.

पहिली पाहुणचाराची. ज्या शाखेचं ऑडिट, तिथला चहा सोडून काही घ्यायचं नाही हा तिचा कडक नियम. दुपारचं जेवणसुद्धा ती स्वतःच्या पैशाने मागवते. एकटी असते तेव्हा हे निभतं. पण नवरा आणि लहान मूल सोबत आहे हे कळलं की लोक ऐकत नाहीत. ‘मॅडम, साहेब आणि बाळ दिवसभर रूमवर काय करणार? गाडी पाठवतो, गणपतीपुळे करून येऊ देत.’ बोलणाऱ्याच्या मनात काही नसतंही. पण तिच्या एका सहकाऱ्याच्या घरचे असेच शाखेने दिलेल्या गाडीतून फिरले. पुढे अहवालात कर्जखात्यांबद्दल कडक शेरे आले, तेव्हा शाखेने उत्तरात त्या गाडीचा उल्लेख केला. शेरे खरे होते, पण चर्चा गाडीचीच झाली. आमच्यामुळे तिच्या कामाकडे कुणी असं बोट दाखवलेलं मला चालणार नाही.

दुसरी शंका वेळेची. ती सकाळी सव्वानऊला निघते, परत यायला साडेसात-आठ होतात आणि त्यानंतरही लॅपटॉप उघडून दिवसभराच्या नोंदी पुऱ्या कराव्या लागतात. दिवसभर आईची वाट बघितलेलं पोर त्या वेळी तिला सोडेल का? आम्ही तिथे असूनही तिला आमच्याकडे बघता आलं नाही, तर तिलाच जास्त वाईट वाटेल.

आतापर्यंत एवढं ठरवलंय: काम दुसऱ्या शनिवारच्या आठवड्यात घ्यायचं, म्हणजे बँकेची सुट्टी धरून शनिवार-रविवार दोन्ही दिवस तिघांचे. गाडी नेणार नाही, कारण लेकीला घाट लागतो आणि गाडी चालवताना मागे तिच्याकडे बघणार कोण. एसटीनेच जाऊ.

आता विचारायचं ते असं. रूमच्या बिलाचं काय करायचं? गाडीशिवाय साडेचार वर्षांच्या मुलीला घेऊन एकट्या बापाने दिवसभर रत्नागिरीत काय काय करावं? समुद्रात किती आणि कुठे उतरू द्यावं? आणि आईच्या कामाला धक्का न लावता तिला आमच्यासोबत थोडा तरी समुद्र मिळेल, असं काही जमेल का? शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

प्रतिसाद १

बँकेतून निवृत्त झालोय, इन्स्पेक्शनमध्ये बरीच वर्षं काढली. जरूर जा. कुटुंब सोबत असणं यात गैर काही नाही, फक्त हिशेब वेगळे ठेवा.

रूम शाखेला बुक करायला सांगू नका, तुम्ही स्वतः करा. हॉटेलवाल्याला आधीच सांगा की एका माणसाच्या दराचं बिल मॅडमच्या नावाने हवं आणि जादा माणसाचे पैसे वेगळ्या पावतीवर, तुमच्या नावाने. ती पावती तुमच्या खात्यातून भरा. टीए (प्रवासभत्त्याच्या) बिलाला फक्त पहिली पावती लागेल. जेवण रूमच्या खात्यावर टाकू नका, नाहीतर शेवटी सगळं एकाच बिलात येतं आणि वेगळं काढताना नाकी नऊ येतात. मॅडमनी त्यांच्या विभागप्रमुखांना ‘घरचे स्वखर्चाने सोबत आहेत’ अशी एक ओळ मेल करून ठेवावी. पुढे कुणी विचारलंच तर ती ओळ कामाला येते.

दुसरं म्हणजे काही ऑडिट न कळवता सुरू होतात. पहिल्या दिवशी शाखा उघडतानाच आमचा माणूस कॅश मोजायला दारात उभा असतो. तसं असेल तर आदल्या दिवशी घाटातले फोटो स्टेटसला टाकू नका. एका जिल्ह्यातले बँकवाले एकमेकांच्या ग्रुपवर असतात.

पाहुणचाराचं मॅडमनी पहिल्याच चहाला, हसत आणि सगळ्यांसमोर सांगून टाकावं: ‘घरचे आलेत, त्यांचं फिरायचं सगळं ठरलंय, गाडी आणि जेवण काही नको.’ एकेकाला वेगळं सांगत बसलं की प्रत्येकाला वाटतं, आपल्याला नाही म्हणाल्या. तुम्ही स्वतः मात्र शाखेत पाऊल टाकू नका. लेकीला आई दाखवायला म्हणूनसुद्धा नको.

प्रतिसाद २

मी रत्नागिरीचीच. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाहेरून येणारे सगळे समुद्र संध्याकाळसाठी ठेवतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो. तुमच्या मिसेस साडेसातला येणार, म्हणजे आठवडाभर त्यांना समुद्र अंधारातच दिसायचा. त्यापेक्षा सकाळी जा. सात वाजता उजाडलेलं असतं, हवा गार असते, ऊन डोंगराआडून यायला वेळ लागतो आणि किनाऱ्यावर चालायला येणारे सोडले तर कुणी नसतं. सात ते साडेआठ तिघं वाळूत, मग रूमवर आंघोळ-नाश्ता करून त्या सव्वानऊला शाखेकडे. लेकीला दिवसातला सगळ्यांत चांगला तास आईसोबत मिळाला की संध्याकाळी ती एवढी चिकटणार नाही.

यासाठी रूम गावात मांडवी किंवा भाट्याच्या बाजूला बघा. स्टेशनच्या बाजूला कुवारबावला घेतलीत तर सकाळचा सगळा वेळ रिक्षात जाईल.

मुलीसाठी भाट्ये. लांब, सपाट किनारा, मागे सुरूची झाडं. मांडवीची वाळू काळसर, तिथे जेटीवर बसायला छान, पण खेळायला भाट्येच. ओहोटीला ओल्या वाळूवर बारीक खेकडे भोकाभोवती मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी करून ठेवतात. तुम्ही हलू नका, उकिडवे बसून राहा, मिनिटभराने ते बाहेर येतात. माझा भाचा त्या एका गोष्टीवर अख्खी सकाळ काढायचा.

भरती-ओहोटीचा आमच्याकडचा ढोबळ हिशेब सांगते, पंचांगावरून करता येतो. तिथीची पाऊणपट करायची, शुद्ध असो की वद्य. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती. पौर्णिमेला-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे त्या सुमाराला भरती आणि सव्वापाचला ओहोटी. रोज पाऊण तास, कधी थोडा जास्त, पुढे सरकतं. तुम्ही असाल त्या दिवसांच्या तिथी आधीच लिहून काढा आणि पाणी उतरत असतानाच्या वेळा निवडा. नक्की वेळ मोबाईलवर ताडून घ्या.

पाण्यात घोट्याच्या वर नाही, आणि तेही तिचा हात तुमच्या हातात असताना. भाट्याला खाडीच्या मुखाकडे अजिबात जाऊ नका, तिथे ओढ असते. गणपतीपुळ्याला किनारा एकदम खोल होतो आणि दरवर्षी माणसं बुडतात, तिथे लेकीला फक्त वाळू.

दिवसाचं म्हणाल तर डिसेंबरातही दुपारचं ऊन इथे घामटं काढतं, त्यामुळे साडेबारा ते चार रूमवर झोप. दहा ते बारा एकच ठिकाण. झाडगावच्या सागरी संशोधन केंद्रातलं मत्स्यालय आणि संग्रहालय मुलांसाठी पहिलं. तिथे देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे, त्याच्याखाली उभं राहिल्यावर मुलांची तोंडं बघण्यासारखी होतात. दुसऱ्या दिवशी थिबा राजवाडा. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत करून नंतर इथे आणून ठेवलं, हा वाडा 1910 चा. तो 1916 मध्ये इथेच वारला, परत जाऊ शकला नाही. लेकीला एवढं कळणार नाही, तिला कमानी आणि मोकळं आवार पुरे, पण तुम्ही मात्र सावकाश बघा. आमच्या गावातली मला सगळ्यांत जवळची जागा ती आहे. सोमवारी बंद असतो, तेवढं सांभाळा. टिळकांचं जन्मघर टिळक आळीत आहे, अर्ध्या तासाचं काम. रत्नदुर्गावर चार वाजता रिक्षाने जा, भगवतीच्या देवळापासून दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो. कठडे सगळीकडे नाहीत, लेकीला कडेला सोडू नका.

मिरकरवाडा बंदर दाखवायचंच असेल तर मासळीच्या लिलावाच्या गर्दीत तिला कडेवर घ्या. खाली पाणी आणि बर्फ असतो, पाय घसरतो.

शनिवार तिघांनी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे करा. एसटी किंवा रिक्षा घेताना ‘आरे-वारेवरूनच’ असं विचारून घ्या, निवळीमार्गे समुद्र दिसत नाही. वेळ राहिला तर पुढे मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे.

प्रतिसाद ३

आंबा घाटासाठी: पोर उपाशी नको आणि तुडुंब भरलेलंही नको. निघण्याआधी तासभर सुकी पोळी किंवा खाकरा. दूध नाहीच. पुढच्या चाकाजवळची सीट मिळवा, मागच्या सीटवर हेलकावे जास्त बसतात. मोबाईलवर कार्टून लावून देऊ नका, त्याने हमखास उलटी. मलकापूरला थोडं पाय मोकळे करू द्या, आणि पिशव्या हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

प्रतिसाद ४

मी तुमच्या बायकोच्या बाजूची. नोकरीत सतत फिरती, आणि नवरा-मुलगा अनेकदा सोबत आले आहेत. दिवसभरात मला सगळ्यांत जड जायचं ते ‘कधी येतेस’ हा फोन. कामात बसलेल्या बाईला तो प्रश्न दोरीने ओढल्यासारखा लागतो. दुपारी एक फोटो पाठवा, खाली काही विचारू नका. ती जेवताना बघेल आणि तिला बरं वाटेल.

ती रूमवर आल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं तिला हातपाय धुऊन शांत बसू द्या, तोवर लेकीला घेऊन खाली फेरी मारून या. मग जेवण तिघांचं, गोष्ट आईची, आणि लेक झोपली की लॅपटॉप. परवडत असेल तर बाल्कनी किंवा बाहेर बसायची जागा असलेली रूम घ्या, म्हणजे दिवा लावून तिला काम करता येईल आणि लेकीची झोप मोडणार नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. सकाळचा समुद्र हे डोक्यातच आलं नव्हतं. बायकोला वाचून दाखवलं तर तिने लगेच पंचांग काढलं. पावत्यांचं आणि मेलचंही तिला पटलं, मेल आजच टाकते म्हणाली. भाट्याच्या बाजूला बाल्कनीची एक रूम बघितली आहे, दोन पावत्या द्यायला तयार आहेत.

दोन बारीक शंका राहिल्या. शाखेतलं कुणी रस्त्यात भेटून लेकीच्या हातात खाऊ ठेवला तर काय करायचं? आणि सकाळी सातला भाट्याला चहा मिळतो का?

प्रतिसाद १

चॉकलेट किंवा बिस्किटाचा पुडा असेल तर लेकीला घेऊ द्या आणि मॅडमना सांगा. हिसकावून परत केलंत तर समोरचा उगाच दुखावतो. शेवटच्या दिवशी कोकम-नारळांची पिशवी रूमवर येते, ती मात्र रिसेप्शनवरूनच परत पाठवायची. आम्ही हॉटेलवाल्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचो की आमच्या नावाने काही घ्यायचं नाही.

प्रतिसाद २

एवढ्या सकाळी गाडे लागलेले असतीलच असा भरवसा धरू नका. रूमवरून थर्मास भरून न्या, आणि लेकीसाठी जादा कपडे घ्या, घोट्यापर्यंत म्हणत म्हणत सगळीच भिजतात. ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिकची पिशवी वेगळी ठेवा, रिक्षावाले सीट ओली झाली की कुरकुर करतात. तिथी कळवा, मी वेळा काढून देते.