हवामानबदलाच्या काळजीने मन खचते, ती पेलावी कशी?

प्रश्न : माझे वय २४ आहे. उष्णतेच्या लाटेची किंवा पुराची बातमी वाचली की मी रात्री उशिरापर्यंत त्याच विषयाच्या बातम्या मोबाइलवर चाळत बसते, आणि पुढच्या शिक्षणाला काही अर्थ आहे का, मूल होऊ द्यावे का, हे प्रश्न दिवसभर पाठ सोडत नाहीत. घरी विषय काढला तर ‘एवढा विचार करू नकोस’ असे ऐकायला मिळते. हा आजार आहे का?

प्रतिसाद १ : नाही, असे मी ठामपणे म्हणेन, धोका खरा आहे आणि तुम्हाला त्याची जाणीव आहे. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. भारतासह १० देशांतील १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांपैकी ५९ टक्क्यांनी आपल्याला फार किंवा अतिशय काळजी वाटते असे सांगितले, आणि ४५ टक्क्यांहून अधिक जणांच्या रोजच्या जगण्यावर तिचा वाईट परिणाम होत होता. मला त्यातली दुसरी एक नोंद अधिक महत्त्वाची वाटते : सरकारांनी आपल्याला वाऱ्यावर सोडले आहे, ही भावना आणि ही अस्वस्थता यांचा परस्परसंबंध आढळला. एकटे पडल्याचे दुःख त्यात मोठे आहे, म्हणूनच ‘विचार करू नकोस’ हे वाक्य कितीही मायेने उच्चारले तरी बोचते.

प्रतिसाद २ : सहमत. तरीही झोप, भूक किंवा अभ्यास बिघडला असेल तर समुपदेशकाकडे जायला उशीर करू नये. कारण खरे असले तरी त्रासावर उपचार होतात. बातम्यांसाठी दिवसातली एकच वेळ ठरवावी, आणि ती झोपण्यापूर्वीची नसावी.

प्रतिसाद ३ : एकट्याने पिशव्या आणि दिव्यांचा हिशेब ठेवत राहिल्यास मन शांत होण्याऐवजी स्वतःलाच दोष देऊ लागते. अमेरिकेतील विद्यार्थ्यांविषयी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इतरांबरोबर मिळून काम करणाऱ्यांमध्ये हवामानाची काळजी आणि नैराश्य यांचा संबंध क्षीण दिसला. वैयक्तिक पातळीवरच्या कृतींबाबत तसे आढळले नाही. तेव्हा झाडांच्या नोंदी ठेवणारा किंवा प्रशासनाकडे पाठपुरावा करणारा एखादा गट शोधावा. मात्र अशा गटांत सगळा भार अंगावर घेणारी उत्साही मुले लवकर थकतात, हे मी पाहिले आहे; एखादे काम नाकारण्याची मुभा पहिल्याच बैठकीत मागून घ्यावी.