मूल माती, खडू, पेन्सिल खातं? तुमचा अनुभव लिहा

सातारा-सांगलीकडे पोरगं भिंत चाटायला लागलं की घरातली मोठी माणसं म्हणतात, "कॅल्शियम कमी पडलंय." लगेच कॅल्शियमची बाटली येते. पण अशा मुलांत पुष्कळदा कमी असतं ते लोह, काहींत जस्त. दोन वर्षांपुढच्या मुलात ही सवय महिनाभर टिकली तर रक्त तपासाच. तुमच्याकडे काय झालं, कशाने थांबलं, ते सांगा. औषधाचं प्रमाण मात्र इथे लिहू नका, ते मुलाच्या वजनावर ठरतं.

कोरेगाव, आई
आमची लेक अंगणात सडा पडला की मातीच्या वासाने धावायची. जेवण नको, दिवसभर नुसतं दूध. हिमोग्लोबिन ८.२ निघालं, पाच वर्षांच्या आत ते निदान ११ हवं. डॉक्टरांनी फेरिटिनही करायला लावलं, कारण शरीरातला लोहाचा साठा त्यातूनच कळतो. दूध कमी केलं, लोहाचं औषध सुरू केलं. हिमोग्लोबिन पुरतं भरायच्या आधीच तिची मातीची ओढ गेली! तरी औषध बंद करू नका, साठा भरायला महिने लागतात. शी काळी होते, त्याला घाबरू नका.

जत तालुका, अंगणवाडी सेविका
"माती खातो का?" विचारलं की आया नाही म्हणतात. "भिंतीला बोट लावून चाटतो का? पाटीवरची पेन्सिल संपते का?" असं विचारलं की खरं बाहेर येतं. लेकराला मारू नका, हातावर चटके तर अजिबात देऊ नका. लोहाचं सिरप आमच्याकडे फुकट मिळतं, आठवड्यातून दोनदा द्यायचं. जंताची गोळीही चुकवू नका. अनवाणी पायातून शिरणारे अंकुशकृमी आतड्यातलं रक्त पितात, मग लोह टिकणार कसं?

कराड, परिचारिका
सकाळी चहा-चपाती खाणारी मुलं फार येतात. चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. तो बंद करून मटकीच्या उसळीवर लिंबू पिळा. कॅल्शियम आणि लोह एकाच वेळी देऊ नका. जुन्या रंगात शिसं हा विषारी धातू असू शकतो, त्याचे पोपडे खात असेल तर रक्तातलं शिसंही तपासा. लोह कमी असलं की शरीर शिसं जास्त ओढून घेतं.

मिरज, वडील
आमचा मुलगा स्वमग्न आहे. लोह भरून आलं, तरी तो कागद-कापड खातच राहिला. थेरपिस्टने चावायला सुरक्षित रबरी नळी दिली, त्याने बरंच कमी झालं. अशा मुलाचं पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.