वाल्व रेडिओ: नॉब बदलू का?

निपाणीकर: लाकडी पेटी, काचेची डायल, बेकेलाइटचे नॉब. आत चार वाल्व: यूसीएच81, यूबीएफ89, यूसीएल82, यूवाय85. लावला की भों आवाज यायलाय, काटा हलत नाही. पितळी नॉब आणि डायलला एलईडी बसवावं म्हणतोय.

खानापूर_गँग: अण्णा, आधी प्लग काढा. यू मालिकेच्या वाल्वमध्ये फिलॅमेंट (वाल्व तापवणारी तार) सगळी सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक साखळीत, 100 मिलिअँपिअरवर. चौघांचे 126 व्होल्ट, उरलेले शंभरेक मोठा रेझिस्टर खातो. मेन ट्रान्सफॉर्मर नाही, म्हणून प्लग उलटा बसला की चासीवर (आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर) 230 व्होल्ट! बेकेलाइट, नॉबमध्ये खोलवर गेलेला स्क्रू, त्यावरचं मेण, मागचा पुठ्ठा ही शोभा नव्हे, शॉक अडवायची सोय आहे. पितळ नकोच. नॉब काढलात तर मेण परत भरा. ब्राउन कंपनीच्या 1956 च्या एसके4 रेडिओ-ग्रामोफोनचं पारदर्शक झाकणही असंच, शोभेपेक्षा कामाचं: पत्रा आवाजानं थरथरायचा, म्हणून अ‍ॅक्रिलिक आलं.
डायलचा बल्ब बऱ्याच सेटांत त्याच साखळीत असतो. एलईडी टाकला तर वाल्व तापणारच नाहीत. मूळ रेटिंगचाच बल्ब घाला.

सोल्डर_गोकाक: भों म्हणजे फिल्टर कंडेन्सर (डीसी सप्लाय सपाट करणारा) गेला. आधी तो 1 किलोओहम 5 वॅटच्या रेझिस्टरनं डिस्चार्ज करा, म्हणजे साठलेली वीज उतरवा. त्याच्या जुन्या डब्याच्या वायरी सोडवून 47 मायक्रोफॅरड 450 व्होल्टचे दोन चासीखाली लावा; डबा वर तसाच दिसू दे. यूसीएल82 च्या ग्रिडवरचा (सिग्नल आत येतो त्या पिनेवरचा) 0.01 मायक्रोफॅरडचा कागदी कंडेन्सरही बदला, 630 व्होल्ट पॉलिएस्टर. तो गळका असला तर वाल्व लाल होतो, मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. पहिल्यांदा 60 वॅटच्या साध्या बल्बच्या सिरीज बोर्डवरच लावा, म्हणजे रेडिओची वीज त्या बल्बमधूनच येईल.

खानापूर_गँग: काट्याला नायलॉनचा डायल दोरा, ट्यूनिंग नॉबच्या शाफ्टला अडीच वेढे. एकच दिला तर घसरतो, चार दिले तर एकमेकांवर चढतात. गँग (स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर) पूर्ण बंद करून काटा जास्त मीटरच्या टोकाला बांधा. डायल मीटरमध्ये, म्हणजे तरंगलांबीत असते: धारवाड 765 किलोहर्ट्झ म्हणजे 392, सांगली 1251 म्हणजे 240. धारवाड ऑसिलेटर कॉइलच्या गाभ्यानं जुळवा, सांगली ट्रिमरनं (जुळवणीच्या छोट्या कंडेन्सरनं). एक हलवलं की दुसरं सरकतं, म्हणून दोन-तीन फेऱ्या. आणि काच फक्त पुढून पुसा, अक्षरं मागून छापलेली असतात.

निपाणीकर: मागनं स्पिरिट फिरवून झालंय. ‘सिलोन’ निम्मं गेलं.

खानापूर_गँग: आता हात लावू नका! उरलेल्याचा सरळ फोटो काढा, पारदर्शक स्टिकरवर उलटं छापून मागून चिकटवा.