"पोराला डोंगरावरून उडी मारायला पाठवता?" मग माझं पण ऐका

पंखवाला, टिळकवाडी:
काल ग्रुपात कुणीतरी टाकलं, "पॅराग्लायडिंग म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, आईबापाच्या जिवाला घोर, बंदीच घाला." रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून लिहूलोय. मी सहा वर्षं उडतोय. पुण्याजवळ कामशेतला शिकलो, पहिले दोन दिवस कुणी उडूच दिलं नाही. सपाटीवर विंग, म्हणजे उडायचा कापडी पंख, डोक्यावर उभी करायची, पाडायची, परत उभी करायची, ग्राउंड हँडलिंग म्हणतात त्याला, दंड भरून येतात. समोरच्या तोंडांतून हवा भरते म्हणून त्या कापडाचा पंख होतो, हवा गेली की नुसतं कापड आणि दोऱ्या. हे आधी हाताला कळावं लागतं. पहिला थर्मल, म्हणजे वर चढणारा गरम हवेचा झोत, मिळाला तेव्हा बाजूला घार होती, ती फिरेल तसा मी फिरलो, इंजिन नाही, कानात फक्त वारा. त्या दहा मिनिटांसाठी मी वर्षभर पैसे साठवतो. मी क्लार्क आहे, पैसेवाला नाही.

निपाणीची अक्का:
ती पोस्ट माझीच. 2025 च्या जानेवारीत गोव्यात केरीच्या पठारावर पुण्याची मुलगी आणि तिचा पायलट दोघंही उडताना जिवाला मुकले. फिरायला गेली होती हो ती! आणि माझ्या भाच्याचा मणका मोडला, आठ महिने पलंगावर, मी घास भरवलाय त्याला. तुमची घार बघून माझं पोट भरत नाही.

पंखवाला, टिळकवाडी:
अक्का, भाच्याचं वाचून वाईट वाटलं. पण टँडम, म्हणजे पायलटच्या पुढ्यात बसून उडणं, आणि छंद एकात घालू नका. टँडममधल्या माणसाला वारा वाचता येत नाही, तो पूर्ण दुसऱ्याच्या भरवशावर असतो, म्हणून तिथे परवाना आणि रिझर्व्ह पॅराशूट विचारल्याशिवाय हार्नेसला, म्हणजे बसायच्या पट्ट्यांना, हात लावू नये. स्वतः शिकलेला माणूस वारा वाढला की विंग गुंडाळून घरी येतो. मी दोनशे किलोमीटर जाऊन न उडता परत आलोय.

खानापूरचा भाऊ:
कामशेत कशाला? राजहंसगड आहे की आपला!

पंखवाला, टिळकवाडी:
सांबऱ्याला बेळगावचा विमानतळ आहे, हवाई दल आहे. परवानगीशिवाय इथं उडायचं नाव काढू नको.

खानापूरचा भाऊ:
परवानगी! फॉर्म कन्नडमध्ये, बोर्ड कन्नडमध्ये. एका धबधब्यावर धोक्याचा बोर्ड होता, आमच्या आईला वाचता आला नाही, निसरड्यावर पाय टाकला, हात मोडला. 2004 पासून महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात आहे आणि आम्ही अजून धोका कुठं लिहिलाय ते शोधूलोय.

शहापूरची ताई:
प्रत्येक धाग्यात सीमाप्रश्न आणलाच पाहिजे का रे?

खानापूरचा भाऊ:
आणणार! तुझ्या आईचा हात मोडला असता तर तू पण आणली असतीस.

शहापूरची ताई:
आवाज चढवू नकोस. माझे आजोबा पण मोर्च्यात होते. बोर्ड मराठीत पाहिजे हे मान्य, पण अक्कांनी जिवाचं विचारलंय, त्यावर बोल.

येळ्ळूरचा शेतकरी:
मी बोलतो. एप्रिलमध्ये दुपारनंतर वळवाचा ढग उभा राहिला की आम्ही बैलं सोडून घर गाठतो. खालची हवा वर ओढतो तो, धूळ पण आत जाते. तुमच्या कापडाचं काय होणार?

पंखवाला, टिळकवाडी:
काका, बरोबर पकडलंत. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात एवा विश्निएर्स्का नावाची मोठी पायलट असल्याच ढगात ओढली गेली, साडेनऊ हजार मीटरच्याही वर, बेशुद्ध झाली, अंगावर बर्फ. ती वाचली, पण त्याच वादळात एक चिनी पायलट गेला. तुम्ही दुपारी जो ढग ओळखता तोच आम्हाला सकाळी ओळखावा लागतो. आणि डोंगराच्या मागच्या बाजूला वारा गोल फिरतो, तिथं शिरलं की विंग मिटते. भाचा कुठल्या बाजूला पडला होता अक्का?

निपाणीची अक्का:
मागच्याच. वारा वाढलेला दिसूनही शिकवणाऱ्याने "जा" म्हटलं, गेला.

पंखवाला, टिळकवाडी:
मग दोष शिकवणाऱ्याचा आहे, आणि असले लोक आहेत, हे मी नाकारत नाही. बंदी मात्र मला मान्य नाही.

निपाणीची अक्का:
मला तुमचं पटलं नाही अजून. पण भाचा फेब्रुवारीत परत उडायला जाणार म्हणतोय, ऐकत नाही कुणाचं. त्याचं ते रिझर्व्ह दोन वर्षं कपाटात पडलंय, चालेल का?

पंखवाला, टिळकवाडी:
नाही चालणार. मी दर सहा महिन्यांनी उघडून परत घडी घालून घेतो. ते घेऊन त्याला रविवारी माझ्याकडे पाठवा, आणि तुम्ही पण या.