समुपदेशन केंद्राचं मूल्यमापन: शेवटच्या सत्राची वाट पाहू नका

वर्षअखेरीला समाधानाचा फॉर्म भरून घेतला की मूल्यमापन झालं, हे मत पटत नाही. तो फॉर्म टिकून राहिलेलेच भरतात. दुसऱ्या सत्रानंतर न आलेला विद्यार्थी हिशेबातून गळतो आणि आकडे फुगतात. बरेच जण न सांगता थांबतात, त्यामुळे 'शेवटचं सत्र' आधी कळतच नाही. म्हणून पीएचक्यू-९ हा नैराश्याची तीव्रता मोजणारा फॉर्म प्रत्येक सत्राआधी भरून घ्यावा: ९ प्रश्न, ० ते २७ गुण (जास्त गुण म्हणजे जास्त त्रास), तीनेक मिनिटं. कुणी मध्येच थांबलं तरी शेवटची नोंद हाती राहते. साधारण ५ गुणांची घट अर्थपूर्ण मानतात.

नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याहून जास्त उत्तर असेल तर विद्यार्थी खोलीबाहेर पडण्याआधी समुपदेशकाने ते पाहायलाच हवं. कागद गठ्ठ्यात गेला तर भरून घेणंच चुकीचं!

गोव्यात भाषेचा प्रश्न येतोच. कोकणी, मराठी, इंग्रजी, ज्या भाषेत पहिला फॉर्म भरला त्याच भाषेत पुढचे. इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या नैराश्यावरील उपचारांच्या चाचणीत हेच मोजमाप वापरलं होतं, त्यामुळे सुरुवात शून्यातून नाही.

परीक्षेच्या तोंडावर आलेल्यांचे पीएचक्यू-९चे गुण निकालानंतर आपोआपही उतरतात. ते श्रेय केंद्राने घेऊ नये. म्हणून तुलनेसाठी प्रतीक्षायादीतल्यांचे गुण सोबत मांडावेत. आणि अहवालात पाचाहून लहान गट छापू नका. छोट्या विभागात 'एम.ए. दुसरं वर्ष, मुलगी' एवढ्यावरूनही ओळख पटते.