वाऱ्यात कॅम्पर व्हॅन डुलते, जॅक किती ताणायचे?

टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅम्पर आहे, चार कोपऱ्यांना स्क्रू जॅक, म्हणजे गाडी डुलू नये म्हणून फिरवून जमिनीला टेकवायचे पाय. पावसाळ्यात गोराईला उघड्यावर लावतो. नैर्ऋत्येचा वारा आडवा लागला की गाडी डुलते, ओट्यावरचा चहा बशीत येतो. तोंड वाऱ्याकडे केलं की बरंच थांबतं, पण कुंपणामुळे दर वेळी जमत नाही. हँडब्रेक, चाकांना दगड, टपावरचं सामान खाली, सगळं करून झालं. जॅकखाली प्लाय ठेवला, तरी पहाटेपर्यंत मागचा एक पाय चिखलात रुततो आणि जॅक हातानेही फिरेल इतका सैल होतो. हायड्रॉलिक सुचवू नका, बजेट नाही. चाकंही जमिनीवरून उचलणार नाही, वाऱ्यात तो वेडेपणाच.

जॅक नुसते टेकवायचे की स्प्रिंगवरचा थोडा भार निघेपर्यंत ताणायचे? आणि ओल्या मातीत प्लायऐवजी खाली काय घालता?